थांबायचं कधी, हे कुणी सांगत नाही

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. महाराज बाड्याला लागून असलेली, शहराच्या लष्कर भागातली ही गल्ली नावाला टोप्यांची, पण गिऱ्हाईक येतं ते लग्नाच्या कपड्यांसाठी आणि बस्त्याच्या सामानासाठी. 2025 साली अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती आणि वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा 4 मेला. वर्षभराची निम्मी कमाई ज्या आठवड्यांत करायची, त्याच आठवड्यांत घरातल्या मुलाची किंवा मुलीची शेवटची उजळणी चाललेली असते. माडीवर एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तकं, खाली काउंटरवर माणूस कमी. पहिल्या वर्षी घर मुलाला दुकानात बोलावत नाही. दुसऱ्या वर्षी ‘तासभर ये’ म्हणतं. तिसऱ्या वर्षी बोलवावं लागत नाही, तो आपणच खाली येतो.

वैद्यकीयची तयारी सोडणं बहुतेक वेळा असं घडतं. त्याची तारीख नसते, घोषणा नसते. नातेवाईक विचारतात तेव्हा उत्तर मिळतं, ‘सध्या बीएस्सीला टाकलंय, सोबत नीटचंही बघतोय.’ आणि या मुलांबद्दल बोलताना लोक मेहनतीचा विषय काढतात: चिकाटी कमी पडली, मोबाइल फार, मन लागत नव्हतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आकडे समोर मांडले की प्रश्न उलटा करून विचारावासा वाटतो. इतकी मुलं का सोडतात, यापेक्षा इतकी मुलं इतका काळ का टिकून राहतात?

2025 च्या नीटला 22 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतले 12 लाख 36 हजारांहून जास्त पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या सरकारी महाविद्यालयांतल्या सुमारे निम्म्या. म्हणजे एकेका जागेमागे दहा पात्र विद्यार्थी, आणि परवडेल अशा जागेचा विचार केला तर वीस. हे गणित बारावीच्या मुलाला अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्या हातातल्या निकालपत्राचा अर्थ लावणं. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा 50 पर्सेंटाइलवर असते. 2024 मध्ये ती 720 पैकी 162 गुणांवर आली, 2025 मध्ये 144 वर. सरकारी जागेसाठी खुल्या गटात प्रत्यक्षात लागले ते 2024 मध्ये साडेसहाशेच्या पुढे आणि 2025 मध्ये सव्वापाचशेच्या वर. दीडशे आणि साडेपाचशे यांच्यामध्ये जी दरी आहे, त्या दरीत दरवर्षी दहा लाखांवर मुलं उभी असतात, आणि त्या प्रत्येकाच्या निकालावर तो पात्र असल्याचं छापलेलं असतं. साडेतीनशे गुण मिळालेल्या मुलीला सरकार सांगतं की तू पात्र आहेस. मग ती थांबेल कशी?

ती ‘ड्रॉप’ घेते. बारावीनंतर कुठेही प्रवेश न घेता वर्षभर फक्त नीट करायची, याला ग्वाल्हेरपासून लातूरपर्यंत हाच शब्द आहे. हे ड्रॉपचं वर्ष पूर्वी अपवाद होतं. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने 2021 मध्ये आपल्या राज्यातल्या प्रवेशांचा हिशोब मांडला. 2016-17 मध्ये एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेले विद्यार्थी साडेबारा टक्क्यांच्या आसपास होते. 2020-21 मध्ये ते 71 टक्क्यांवर गेले. मधल्या काळात राज्यात बारावीच्या गुणांवरचे प्रवेश बंद होऊन नीट आली होती. हा हिशोब तमिळनाडूचा आहे, मध्य प्रदेशाचा नव्हे. पण कोचिंग वर्गांतल्या ‘रिपीटर’ तुकड्या पाहिल्या की चित्र फार निराळं असेल असं वाटत नाही. बारावीतून ताजा आलेला मुलगा अशा मुलांशी स्पर्धा करत असतो, ज्यांनी तोच अभ्यासक्रम दोनदा-तीनदा घासून काढला आहे. पहिल्या प्रयत्नात तो मागे पडतो म्हणून रिपीटर होतो, आणि पुढच्या वर्षीच्या ताज्या मुलाची वाट आणखी चढाची करतो.

या रांगेला शेवट नाही. एकेकाळी पंचवीस वर्षांची वयोमर्यादा होती. ती न्यायालयात अडकली आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढूनच टाकली. प्रयत्नांवरही बंधन नाही. उशिरा शिकू पाहणाऱ्यांसाठी हा निर्णय न्याय्य होता, यात शंका नाही. त्याचा दुसरा परिणाम असा की ‘आता पुरे’ म्हणण्याचं काम नियमांनी अंगावरून झटकलं. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वय आणि संधी मोजलेल्या असतात, एक दिवस नियमच माणसाला घरी पाठवतो. इथे तो निर्णय अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर सोपवलेला आहे, ज्याच्या कोचिंगची फी भरून झालेली आहे.

अभ्यास कुठे तुटतो, याचं उत्तर शिकवणारे लोक एका दमात देतात: फिजिक्स. नीटमध्ये 180 प्रश्न, 180 मिनिटं. 90 जीवशास्त्राचे, 45 रसायनशास्त्राचे, 45 भौतिकशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. जीवशास्त्र पाठ करून उभं राहता येतं. भौतिकशास्त्रात गणित लागतं, आणि डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या अनेक मुलांनी दहावीनंतर गणित सोडलेलं असतं. कॅल्क्युलसची ओळख नसताना चलविद्युत समजून घ्यायची, तीही एका प्रश्नाला एक मिनिट या हिशोबाने. जून-जुलैमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होतो, त्यामागे बऱ्याचदा सराव परीक्षांमधला हा एकच रकाना असतो. 2025 च्या पेपरात भौतिकशास्त्र इतकं कठीण आलं की देशात पहिल्या आलेल्याचे गुणही 686 वर थांबले. आदल्या वर्षी सुधारित निकालानंतरही 17 जणांना पैकीच्या पैकी होते. एका वर्षी साडेसहाशेला जागा नाही आणि पुढच्या वर्षी साडेपाचशेला आहे, असं ज्या परीक्षेत होतं तिची तयारी करणाऱ्याला आपण सुधारलो की घसरलो हेही धड कळत नाही.

इथवरची कहाणी देशातल्या कोणत्याही शहराची असू शकते. ग्वाल्हेरची आणखी एक आहे.

टोपी बाजारापासून कंपू भागाच्या दिशेने चालत गेलं की जयारोग्य रुग्णालयाचा परिसर लागतो. तिथेच गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, 1946 मध्ये ते सुरू झालं आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव त्याला दिलं गेलं. आज मध्य प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय मानलं जातं. लष्करमधल्या मराठी घरांना ‘जीआर’ हे आपलं कॉलेज वाटतं. कुणाचे आजोबा तिथे शिकले, कुणाची आत्या तिथे परिचारिका होती. पण या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेच नाव वेगळ्या कारणाने वर्तमानपत्रांत येऊ लागलं.

मध्य प्रदेशात प्री-मेडिकल टेस्ट, म्हणजे पीएमटी, घेण्यासाठी 1970 मध्ये एक मंडळ स्थापन झालं. पुढे इतर परीक्षाही त्याच्याकडे आल्या आणि ते व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे ‘व्यापम’ झालं. 7 जुलै 2013 ला पीएमटी होती. त्या वेळी इंदूरमध्ये पोलिसांनी दुसऱ्यांच्या नावावर परीक्षा देण्यासाठी बाहेरून आलेले तरुण पकडले, आणि तिथून धागा उलगडत गेला. पद्धतींना नावंही होती. ‘इंजिन-बोगी’त पैसे घेऊन आलेला हुशार विद्यार्थी इंजिन, त्याच्या मागे बसवलेला उमेदवार बोगी, आसन क्रमांक असे जुळवले जात की बोगीला इंजिनाचा पेपर दिसावा. काही उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवायला सांगून नंतर भरल्या जात. ग्वाल्हेर-चंबळ पट्टा या व्यवहाराच्या केंद्रांपैकी एक होता. इथे विशेष तपास पथकाने अटकसत्र चालवलं, गजराराजामधल्या विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले. हा घोटाळा चव्हाट्यावर आणणाऱ्यांत आशिष चतुर्वेदी हा ग्वाल्हेरचाच तरुण होता. आईच्या कर्करोगाच्या उपचारांच्या काळात रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांचं अज्ञान पाहून त्याला पहिला संशय आला, असं त्याने सांगितलं आहे. पुढे पोलीस संरक्षण मिळाल्यावर सायकलवर तो आणि सोबत शस्त्रधारी शिपाई, हे दृश्य शहराच्या ओळखीचं झालं.

जुलै 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. 2008 ते 2012 या काळात प्रवेश मिळवलेल्या 634 जणांचा प्रश्न मे 2016 मध्ये दोन न्यायमूर्तींपुढे आला, तेव्हा मतभेद झाले. न्या. चेलमेश्वर यांनी सुचवलं की यांच्या पदव्या राहू द्याव्यात, मात्र त्यांनी पाच वर्षं सैन्यदलांत नियमित वेतनाशिवाय सेवा करावी. न्या. सप्रे यांना ते मान्य नव्हतं. अखेर 13 फेब्रुवारी 2017 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळे प्रवेश रद्द ठरवले.

पण या निकालात एका गटाचा हिशोब नाही, आणि तो कुणाला करताही येणार नाही. 634 खोट्या प्रवेशांमागे 634 खरी मुलं बाहेर राहिली. त्यांतल्या कित्येकांनी त्या वर्षी ‘आपल्याच्याने होत नाही’ असं ठरवून पुस्तकं रद्दीत घातली असतील. ती आज तिशीत आहेत, कुणी दुकानात, कुणी बँकेत, कुणी औषधाच्या कंपनीत. आपण नापास झालो की आपली जागा विकली गेली, हे त्यांना कधीच कळणार नाही. ज्या शहराने हे पाहिलं, त्या शहरातल्या वडिलांनी मुलाच्या दुसऱ्या अपयशानंतर ‘बिना सेटिंग काही होत नाही’ म्हटलं, तर त्याला निव्वळ कडवटपणा म्हणता येत नाही.

नीटने हे सगळं पुसून निघेल अशी आशा होती. मे 2013 मध्ये ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी 18 जुलैला, म्हणजे इंदूरची धरपकड होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. 2016 मध्ये ती परत आली. राज्याराज्यांतल्या मंडळांपेक्षा एक देशव्यापी परीक्षा निर्मळ असेल हा विचार चुकीचा नव्हता. मग 2024 आलं. 67 जणांना 720 पैकी 720, दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना वेळ वाया गेल्याबद्दल दिलेले आणि नंतर मागे घेतलेले वाढीव गुण, पाटणा-हजारीबागमधली पेपरफुटी. पेपर फुटला हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, पण त्याची व्याप्ती देशभर असल्याचा पुरावा नाही म्हणून 23 जुलैला फेरपरीक्षा नाकारली. 2025 मध्ये परीक्षेच्या दिवशी वादळ होऊन इंदूर-उज्जैनच्या काही केंद्रांवर वीज गेली. अंधारात पेपर सोडवल्याची तक्रार घेऊन विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी त्यांच्यासाठी फेरपरीक्षेचा आदेश दिला, दोन आठवड्यांत खंडपीठाने तो रद्द केला. या दोन्ही निकालांना कायद्याची बाजू आहे. पण तिसऱ्यांदा फॉर्म भरावा की नाही याचा विचार करत बसलेल्या मुलाच्या मनात कायद्याचे बारकावे उतरत नाहीत. एवढंच उतरतं की आपण कितीही नीट केलं तरी शेवट आपल्या हातात नाही.

लष्करच्या मराठी कुटुंबांची अडचण आणखी एका बाजूने आहे. पुण्या-नागपूरचे नातेवाईक सहज सुचवतात, ‘इकडे पाठवा, महाराष्ट्रात कॉलेजं किती आहेत!’ आहेत खरी. पण राज्याच्या 85 टक्के जागांसाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र आणि साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून, असा नियम आहे. घरात पाच पिढ्या मराठी बोलली जात असली, लष्करमधल्या ‘चिटणीसांची गोठ’ या मोहल्ल्यात गणपती बसत असला, तरी प्रवेशाच्या दृष्टीने हा मुलगा मध्य प्रदेशाचा. महाराष्ट्रात त्याच्यासाठी मुख्यतः उरतात त्या अखिल भारतीय कोट्यातल्या 15 टक्के जागा, जिथे साऱ्या देशाशी स्पर्धा आहे, किंवा अभिमत विद्यापीठांतल्या, जिथली फी ऐकून संभाषण दुसरीकडे वळतं. नीट मराठीतूनही देता येते. पण ग्वाल्हेरच्या मराठी मुलाचं शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत झालेलं असतं. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं गाजावाजा करून प्रसिद्ध केली आणि नंतर सरकारी शाळांतल्या मुलांसाठी पाच टक्के जागा राखल्या. यातला दुसरा उपाय अधिक कामाचा वाटतो. हिंदी माध्यमाच्या मुलाची गाडी अडते ती महाविद्यालयात पोहोचण्याआधी.

पैशाचं गणित तर घरोघरी पाठ आहे. सरकारी महाविद्यालयाचं वर्ष लाख-दीड लाखांत निघतं. खाजगीत निव्वळ शिकवणीची फी वर्षाला आठ-दहा लाख किंवा त्याहून अधिक, आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. मधल्या गुणांच्या मुलाला जागा मिळत नाही असं नाही. त्याला जागा मिळते, ती घरच्यांना झेपत नाही. गुणांच्या यादीत त्याच्या खाली असलेला कुणी ती घेतो, आणि वरचा ‘तयारी सोडलेल्यां’मध्ये मोजला जातो. मुलींच्या बाबतीत घराचा हिशोब वेगळा असतो. 2024 मध्ये नीटसाठी नोंदणी केलेल्यांत मुली साडेतेरा लाखांवर होत्या, मुलांपेक्षा तीन लाखांनी जास्त. म्हणजे पहिल्या प्रयत्नाला घरं आता मागे हटत नाहीत. प्रश्न येतो दुसऱ्या ड्रॉपचा आणि राजस्थानातल्या कोटा या कोचिंगच्या शहरातल्या वसतिगृहाचा. तिथे भावाला जितक्या सहज होकार मिळतो तितका बहिणीला मिळत नाही, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

कोटा शहराचं नाव निघालं की पालक दबक्या आवाजात बोलू लागतात, आणि ते साहजिक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि मध्य प्रदेश तिसऱ्या क्रमांकावर. या सगळ्या प्रवेश परीक्षेमुळे नव्हेत, तसा निष्कर्ष काढणं अप्रामाणिकपणाचं होईल. परंतु तयारी सोडून घरी परतलेल्या मुलाकडे पाहताना हा आकडा आठवला तर ‘दोन लाख बुडाले’ हे वाक्य ओठांवर येणार नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. कोचिंग वर्गांच्या फलकांवर निवड झालेल्यांच्या फोटोंशेजारी हा क्रमांक लिहिला तर जागा फारशी अडणार नाही.

अशा प्रवेशांत नशिबाचाही वाटा असतो, आणि तो उघड मान्य करणारा एक देश आहे. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक दशकं भारित सोडत चालत असे: चांगले गुण असतील तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त, पण बहुतेकांना खात्री नाही. 2017 मध्ये ती बंद झाली आणि 2023 पासून विद्यापीठांना तिची पुन्हा मुभा मिळाली. आपल्याकडे सोडत म्हटली तर मोर्चे निघतील. मात्र तिथे बाहेर राहिलेल्या मुलाला एवढं तरी ठाऊक असतं की आपल्या अपयशात चिठ्ठीचा हात होता. इथे तो सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेतो.

सोडल्यानंतर जायला वाटा नाहीत असंही नाही. ग्वाल्हेरमध्येच सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ आहे, जिवाजी विद्यापीठात विज्ञानाच्या शाखा आहेत. परिचर्या, फिजिओथेरपी, फार्मसी आहे. अडतं ते वेळापत्रकात. नीटचा निकाल जूनमध्ये लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टपासून सुरू होतात आणि उरलेल्या जागांची शेवटची ‘स्ट्रे’ फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबते. मध्य प्रदेशातल्या बीएस्सीचे ऑनलाइन प्रवेश मात्र पावसाळ्यातच आटोपतात. म्हणजे कटऑफच्या थोडा खाली असलेला विद्यार्थी, ज्याला प्रत्येक फेरीत ‘या वेळी खाली येईल’ असं वाटत असतं, तो शेवटच्या फेरीनंतर मोकळा होतो तेव्हा इतर अभ्यासक्रमांची पहिली सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते. त्याच्यापुढे त्या वर्षापुरता बहुधा एकच दरवाजा उघडा राहतो, तो म्हणजे कोचिंगचा. रिपीटरच्या नव्या तुकड्या तोवर सुरूही झालेल्या असतात, आणि उशिरा येणाऱ्याला फीमध्ये सवलत असते.